शेवगा कुठं लावायचा?

"काय गं, दिवाळी आली व्हय? सगळा संसार अंगणात काढलास!"

कुंपणाच्या भिंतीपलीकडून आक्का. भिंतीवर त्यांनी नुकतीच शिवून झालेली वाकळ उन्हाला टाकली होती. इकडं मी साठ चित्रं फरशीवर मांडून, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक वाटी ठेवून बसले होते. दसरा चौकातल्या शाहू स्मारकाचं कलादालन तीन दिवस मिळालंय. साठातली बावीस निवडायची होती.

चित्रं तरी कसली? रोज सकाळी दूध तापेपर्यंतचा उद्योग. किराण्याच्या पुडीचा कागद, लाइट बिलाची पाठ, हाताला येईल त्यावर. गाळणं, दारातल्या चपला, आक्कांचा शेवगा.

"माझा शेवगा? दे हिकडं." बघितलं. "शेंगा कमी काढल्यास." मग कागद उलटला. "अगं बाई, एवढं बिल येतंय तुमचं?"

पुढचा प्रश्न आलाच. "तीन दिवसांनी कुठं ठेवणार ही सगळी?"

"कॉटखाली."

"आन् त्यासाठी फ्रेमा?"

मी आबालाल रहिमानांचा आधार घेतला. "आक्का, जे.जे.त शिकलेला माणूस, शाहू महाराजांच्या पदरी चित्रकार. १९२२ साली महाराज गेले आणि ह्यांनी म्हणे चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे कोटितीर्थात सोडले. आज टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आपण बघतो ती मागं राहिलेली."

आक्का गप्प. मग म्हणाल्या, "तळ्यात टाकायला आधी काढली हुती न्हवं? आमची सासू दारात हातभर रांगोळी काढायची. नऊ वाजेस्तोवर तिच्यावरनं सायकली जायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिपके. तिनं कुठं हॉल घेतला?"

माझी नजर वाकळीवर गेली. कडेनं आत आत येणारा धावदोरा, मुंगीच्या रांगेसारखा. भोवती लाल, जांभळी, हिरवी लुगडी आणि मधोमध पांढरा चौकोन.

"हे पांढरं मधेच का?"

"मामंजींचं धोतर. रंग एकमेकांत भांडाय लागले, म्हणून मधी म्हाताऱ्याला बसवलं."

हेच शिकायला मी कलानिकेतनात फी भरून वर्षं घातली होती.

"मंगळवारी या बघायला."

"येतो की. पण शेवगा तिथं नको न्हेऊ. आमच्या कट्ट्यावर लाव, मिक्सरच्या वर."

"फोडणीचे डाग पडतील, आक्का."

"पडू देत. रोज बघायचं म्हटल्यावर हळद लागायचीच. खिळा तेवढा तूच मार. आमच्या ह्यांनी लावलेलं कॅलेंडर दिवाळीपास्नं तिरकं हाय."

मी वाट्या गोळा केल्या, बावीसच्या यादीतून शेवगा खोडला आणि हातोडी शोधायला घरात गेले.