उंदीर तेवढा जगतच नाही

भातावर तुडतुडे दिसले की विंझरच्या बांधाबांधावर एकच चौकशी : "औषध मारलं का?" पाठीवर पंप, पायात चप्पल, तोंडाला टॉवेल. झाकण गळतं, सदरा पाठीला चिकटतो. नोझल तुंबलं की काढायचं, तोंडाने फुंकायचं, पुन्हा सुरू. मागे पाण्याची कळशी घेऊन पोरगं असतंच.

घरातला जाणता डब्यावर लाल त्रिकोण नाही ना, एवढं बघतो. लाल म्हणजे जहाल, मग पिवळा, निळा. हिरवा म्हणजे गरीब गाय. हे रंग 1971 च्या कीटकनाशक नियमांतले. ठरतात कसे? प्रयोगशाळेतली निम्मी जनावरं मरायला किती विष लागतं, त्यावरून. म्हणजे उंदीर सहज मेला नाही की रंग सौम्य. वीस वर्षांनी त्याचं काय झालं असतं, हे त्रिकोणाला विचारू नका. उंदीर तेवढा जगतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये मॅलेथिऑन या कीटकनाशकाला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. त्रिकोणात हे मावत नाही. हाडाच्या कर्करोगाचं आणखी अवघड. इविंग सार्कोमा हा पोरासोरांना होणारा असाच एक रोग. आईबाप शेतीत राबणाऱ्या मुलांत तो जास्त आढळल्याचं काही परदेशी अभ्यास सांगतात. फवारणीनेच होतो, हे सिद्ध झालेलं नाही आणि मीही तसं म्हणणार नाही. रोग इतका दुर्मीळ की आकडे जमता जमत नाहीत. संशयाचा फायदा आरोपीला, हे कोर्टात ठीक. इथे आरोपी डब्यात बसलाय आणि साक्षीदार, तो कळशीवाला पोरगा, सातवीत शिकतोय.

2017 मध्ये यवतमाळला फवारताना विसाहून जास्त माणसं दगावली. ते मरण एका हंगामात मोजता आलं, म्हणून बोंब तरी झाली. 2020 मध्ये केंद्राने 27 औषधांच्या बंदीचा मसुदा काढला, मॅलेथिऑनसकट. 2023 मध्ये पुरती बंद झाली तीन. मोनोक्रोटोफॉसचं 36 टक्क्यांचं द्रावणही गेलं. बाकीच्यांची फार तर काही पिकांवरची परवानगी गेली. विंझरच्या वेल्हे तालुक्याचा राजगड झाला, डबे तेच.

तेव्हा नोझलसाठी जुना टूथब्रश ठेवा आणि पोराला बांधापलीकडे. आणि त्याचा गुडघा मार न लागताही दोन-तीन आठवडे ठणकत असेल, रात्री झोपू देत नसेल, सूज असेल, तर 'वाढीचं दुखणं' म्हणून तेल चोळत बसू नका, हाडवैद्याकडेही नेऊ नका. आधी एक्स-रे काढा.