सेलरीचे वाफे आणि नाताळातली नवी जोडी

“अगं, धुणं राहू दे जरा, इकडे कुंपणाशी ये. लँकेस्टरहून लेकीचा फोन होता.”

“पेन्सिल्व्हेनियातलं ना काकू? घोडागाडीवाल्यांच्या शेजारी राहते ती?”

“तीच. आमिश म्हणतात त्यांना. शेजारच्या शेतकऱ्याच्या मुलीचं नोव्हेंबरात लग्न झालं आणि आमच्या बाईसाहेबांना ते उन्हाळ्यातच कळलं होतं!”

“पत्रिका एवढ्या आधी?”

“पत्रिका कसली! लग्न ठरलेलंसुद्धा लपवून ठेवतात. थोडे आठवडे उरले की मग प्रार्थनासभेत जाहीर करायचं, तोवर मुलगी चकार शब्द काढत नाही. पण लग्नाच्या पंगतीत सेलरी लागते, ढिगानं. शिजवलेली वेगळी, आणि बरण्यांत खोचून टेबलावर शोभेला वेगळी. उपवर मुलीच्या घरी सेलरीचे वाफे वाढलेले दिसले की शेजारीपाजारी काय ते समजतात.”

“बाई गं! आणि या दोघांचं जमलं कुठे?”

“रविवारी संध्याकाळी तरुण मंडळी भक्तिगीतं म्हणायला जमतात. गाणी संपली की मुलगा आपल्या उघड्या बग्गीतून मुलीला घरी सोडतो. थंडीत, अंधारात, घोड्याच्या चालीनं.”

“म्हणजे प्रेमविवाहच की.”

“मग! फक्त आधी दोघांनी बाप्तिस्मा घेतलेला हवा. तो ते लहानपणी देत नाहीत, कळत्या वयात ज्याचा त्यानं घ्यायचा. अंगठी नाही, दागिना नाही. नवरीचा पोशाख साधा, बहुतेकदा निळा, तिनंच शिवलेला. लग्न मंगळवारी नाहीतर गुरुवारी, आणि पानं तीन-चारशे! लग्न झालं की नवरा दाढी राखतो. मिशी मात्र नाही.”

“आमच्या ह्यांचं लग्न मोडलं असतं मग. मिशीवर फार जीव.”

“ऐक तरी. आता नाताळ आला ना? त्यांच्याकडे झाड नाही, रोषणाई नाही, सांताक्लॉज नाही. 25 डिसेंबर घरात, प्रार्थनेत. 26 तारखेला दुसरा नाताळ, तो भेटीगाठींचा. नवी जोडी तर हिवाळाभर शनिवार-रविवार नातेवाइकांकडे मुक्कामाला. जेवण तिथे, आहेरही तिथेच.”

“आपलं केळवणच की!”

“पण लग्नानंतरचं. स्वतःचं बिऱ्हाड वसंतात. तोवर मुक्काम मुलीच्या माहेरी.”

“घरजावई?”

“हिवाळ्यापुरता! लेकीनं मला आमिशांवरची एक इंग्रजी कादंबरीही दिलीय. बेव्हर्ली लुईसबाईंची 1997ची ‘द शनिंग’ गाजली, तेव्हापासून अशा पुस्तकांचं पेवच फुटलंय. मुखपृष्ठावर टोपीवाली मुलगी ठरलेली. लिहिणाऱ्या बहुतेक बाहेरच्या. माझ्या हाती आलेल्या पुस्तकातली पोरगी पानापानाला रडते. मला विचारशील तर त्यापेक्षा ही सेलरीवाली बरी. गुपचूप ठरवलं, गुपचूप शिवलं, आणि आता नवऱ्याशेजारी बसून घरोघरी जेवत हिंडतेय.”

“तुमची लेक भेटणार का त्यांना?”

“26 तारखेला बोलावलंय. भेट काय द्यावी, विचारत होती. मी म्हटलं, मिक्सर देऊ.”

“काकू! तारेवरची वीज घेत नाहीत ना ते? मिक्सर नको. भांडी द्यायला सांगा, चांगली जाड बुडाची.”