बांडुंगहून बेटेगावास

बांडुंग, पश्चिम जावा

तीर्थरूप अप्पा व आई यांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आईने बांधून दिलेला लाल मसाला संपला, हे वाचून तिच्या जिवाला घोर लागेल. परंतु चीनखालोखाल जगात सर्वाधिक पाकीटबंद नूडल्स फस्त करणाऱ्या या मुलुखात, जेथे गिरणी सुटल्यावर एकही टपरी न लागता घर गाठणे केवळ अशक्य, तेथे तिखटाची तजवीज परस्पर होते, एवढे तिला सांगावे.

पाकीटबंद नूडल्सचा हा जिन्नस 1958 साली जपानात जन्मला आणि 1972 पासून ‘इंडोमी’ या नावाने येथे नांदू लागला; मात्र पाकिटावरची कृती हे लोक मुळीच प्रमाण मानीत नाहीत. आमचा टपरीवाला प्रथम लसूण, छोटे कांदे आणि लवंगी मिरचीची सख्खी बहीण शोभेल अशी ‘चाबाई रावित’ पसरट दगडी खलात आडव्या बत्त्याने रगडतो. ते वाटण तेलात पडले की रांगेतील समस्त मंडळी एकदम ठसकतात. मग अंडे फोडून ढवळणे, बेताचे पाणी, मूठभर पालेभाजी, नूडल्स, पाकिटातला मसाला आणि शेवटी काळ्या गोड सोया सॉसची धार. धड कोरडे नाही, धड पातळ नाही, अशा या अंगासरशा रश्श्याच्या प्रकरणास ‘मी न्येमेक’ म्हणतात. तत्पूर्वी तलाठ्याने गुंठे विचारावेत तशा निर्विकारपणे तो मिरच्यांची संख्या विचारतो. मी बेटेगावच्या अब्रूखातर मोठा आकडा सांगतो. आपली सूनबाई माझ्या पाठीमागून बोटांनी तो निम्म्यावर आणते.

मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा आणि 1511 साली मलाक्का घेतल्यानंतर तिचा या बाजूंस संचार वाढला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1739 साली तारापूरचा किल्ला आपण फिरंग्यांकडून घेतला, पण मिरची त्यांना परत केली नाही, हे राजकारण मला फारच पसंत आहे.

आई, बोईसरच्या बाजारातून साधे पाकीट आणून हा प्रयोग अवश्य कर. गोड सॉस न मिळाल्यास साध्या सोया सॉसमध्ये गूळ विरघळव. अप्पांचे पित्त ध्यानी घेऊन त्यांना मात्र एका मिरचीपलीकडे परवाना देऊ नये. आणि कोणी इकडे येणार असेल तर मसाल्याचे विसरू नये.

आपला आज्ञाधारक,
बाळू