जुना बॉक्स, नवा लॅपटॉप: नवशिक्यांसाठी

पेण किंवा रोह्याच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान, फडताळात धूळ खाणारा, जुने फोन फ्लॅश करायचा यूएफएस बॉक्स आणि घरात मुलाचा नवाकोरा विंडोज ११चा लॅपटॉप. एवढं भांडवल पुरेसं आहे. गणपतीची गर्दी सुरू होण्याआधी शिकून घ्या.

१. गिऱ्हाईक पकडा. २००३ साली बाजारात आलेला नोकिया ११०० टॉर्चसाठी जपणारे आजोबा धाटावला सापडतीलच. त्यांना "दुपारी या" सांगा. कुठल्या दुपारी, ते सांगू नका.

२. केबल लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला की समजा, सुरुवात झाली. सिरियल केबलीत प्रोलिफिकची जुनी चिप असेल तर नवा ड्रायव्हर 'ही २०१२ पासून बंद, पुरवठादाराला विचारा' अशा अर्थाची ओळच दाखवतो. जरूर विचारा. केबल घेतली होती त्या लॅमिंग्टन रोडवरच्या गाळ्यात आता कव्हरं मिळत असतील. दोन घेऊन या, गाडीभाडं तरी सुटेल.

३. सहीचं बघा. ६४-बिट विंडोज बिनसहीचा ड्रायव्हर उंबऱ्यातच अडवते आणि सही करणाऱ्या कंपनीने कधीच गाशा गुंडाळलेला असतो. तलाठी जागेवर नसला की आपण जे करतो तेच करायचं: शिक्का स्वतः मारायचा. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद, मग टेस्ट मोड चालू, मग ड्रायव्हरवर घरचीच सही. मेमरी इंटेग्रिटी नडली तर तीही बंद. सेटअपची फाइल कुठून आणली हे विचारतो म्हणून अँटिव्हायरसही बंद. मध्येच निळा पडदा येऊन बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मागेल. ती मुलाकडे असते. मुलगा कॉलेजात असतो. त्याचा प्रोजेक्ट लॅपटॉपमध्ये असतो. धीर धरा, पोरं विसरतात.

४. आता ड्रायव्हर ३२-बिटचा आहे का ते तपासा. असेल तर तो ६४-बिट विंडोजवर चालत नाही आणि विंडोज ११ची ३२-बिट आवृत्तीच नाही. आधी सांगितलं असतं तर तुम्ही एवढं शिकला नसता.

५. माळ्यावरचा एक्सपीवाला पीसी उतरवा. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ला एक्सपीवर पाणी सोडलं. बॉक्स लावा, लगेच चालेल. इंटरनेट तेवढं जोडू नका. लॅपटॉपवर बिलं करा.

६. आजोबा आले की आधी तीनशे रुपये घ्या. मग बॅटरी काढून, पट्ट्या पुसून परत बसवा. बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं.