कुंटल आणि क्विंटल

फेब्रुवारी संपत आला की पांढरकवड्याच्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे पोरांची गर्दी दिसू लागते. उन्हाळी परीक्षा तोंडावर आलेली असते. परवा तिथेच एमए इंग्रजी करणारी एक विद्यार्थिनी भेटली. हातात कागदांचा गठ्ठा, अजून गरम.

"मॅडम, भाषाविज्ञानाचे आयएमपी सांगा ना. व्हेरिएशन, चेंज, ॲक्विझिशन. यावर मोठा प्रश्न हमखास येतो म्हणतात."

गठ्ठा चाळला. न्यूयॉर्कची दुकानं होती, इंग्लंडातलं नॉर्विच होतं, जीन बर्को यांचा १९५८चा 'वग' होता. सगळं बरोबर लिहिलेलं, सगळं रट्टा मारण्याजोगं. मी विषय बदलला. यंदा कापूस किती झाला, विचारलं.

"अकरा कुंटल झाला मॅडम."

"किती?"

"अकरा क्विंटल." या वेळी सावकाश, सावरून.

तिला तिथेच थांबवलं. निबंधाचं पहिलं उदाहरण तिच्याच तोंडून पडलं होतं आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये हेच केलं. एक महागडं दुकान, एक मधल्या दर्जाचं, एक स्वस्तातलं. जी वस्तू चौथ्या मजल्यावर मिळते तिची ते चौकशी करायचे, म्हणजे विक्रेता 'फोर्थ फ्लोअर' म्हणणारच. त्यात 'र' वाजतो की गिळला जातो, एवढंच ऐकायचं. मग नीट ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा विचारायचं. दुसऱ्यांदा माणूस जपून बोलतो, आणि तिथे 'र' वाढलेला दिसला. एकूण २६४ जण. महागड्या दुकानात शंभरातले ६२ जण थोडाफार तरी 'र' उच्चारत होते, मधल्या दुकानात ५१, स्वस्त दुकानात २०. बोलण्यातली एवढीशी फट, आणि तिच्यातून सगळी सामाजिक उतरंड दिसली.

आपल्याकडे कापसाच्या यार्डात ही फट रोज उघडी असते. कास्तकार म्हणतो कुंटल. ग्रेडर म्हणतो क्विंटल. कॉलेजात जाणारी मुलगी बापाशी बोलताना कुंटल म्हणते आणि मॅडमपुढे क्विंटल. ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसलं की कालपर्यंत 'ओल' म्हणणारा म्हातारा 'मॉश्चर किती आलं' विचारतो, कारण त्या एका आकड्यावर त्याचा भाव ठरतो. कापूस खरेदी करणारी सरकारी सीसीआय आठ टक्के ओलावा प्रमाण धरते, बारापर्यंत पैसे कापून घेते, त्यापुढे गाडी परत. ज्या शब्दावर पैसा अडतो तो शब्द माणूस एका हंगामात उचलतो. परकी भाषा गावात शिरते ती कशी, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही. आणि 'जिन'? इंग्रजीत तो शब्द एंजिनाचाच तुकडा आहे. आपल्याकडे तो कपाशीबरोबर आला, इथलाच झाला, आणि आता 'जिनात गाडी लावली' म्हणताना त्याला मराठी सप्तमी लागलेली असते.

हे मी एवढं पोटतिडकीने सांगते त्याला कारण आहे. माझ्या एमएच्या दिवसांत सराव परीक्षेत मी भाषाबदलाच्या उत्तरात 'करून राहिला' हे उदाहरण लिहिलं होतं. आपण सगळे बोलतो तसं: काय करून राहिला बे, कुठी जाऊन राहिली वं. त्याखाली लाल शाईची रेघ आली आणि समासात एक शब्द: विषयांतर. पुढची कित्येक वर्षं मी नॉर्विचच लिहीत राहिले. फार उशिरा कळलं की राजेश्वरी पंढरीपांडे यांनी नागपुरी मराठी आणि हिंदी एकमेकींवर कशा कलतात याचाच अभ्यास केला आहे. 'करून राहिला' आणि 'कर रहा है' शेजारी ठेवून पाहा, दोन भाषांचा सांधा उघडा दिसतो. ती लाल रेघ चुकीची होती. आजही कुणाच्या पेपरावर ती ओढली जात असेल तर आजही चुकीचीच आहे.

इंग्रजी बदलाच्या निबंधात कॅक्स्टनची गोष्ट येते. इंग्लंडात छापखाना आणणारा हा गृहस्थ. १४९०च्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की काही व्यापारी टेम्स नदीवर वाऱ्याअभावी अडकले. एकाने काठावरच्या घरात जाऊन 'एग्ज' मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. मग दुसऱ्याने 'आयरन' म्हटलं तेव्हा तिला अंडी हवीत हे कळलं. एक शब्द उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचा, दुसरा जुना इंग्रजी, आणि मध्ये उपाशी व्यापारी.

आमच्या बुधवारच्या भाजीबाजारात माझ्यादेखत हेच घडलं. पुण्याहून बदलून आलेल्या एक बाई वांगी घेत होत्या. भाजीवाली म्हणाली, "सांबार देऊ का बाई?" त्या म्हणाल्या, "नको, मी घरीच करते." भाजीवाली हातातली हिरवीगार जुडी तशीच धरून बघत राहिली. सांबार म्हणजे कोथिंबीर हे त्यांना माहीत नव्हतं, आणि सांबार घरी करायचा म्हणजे काय हे हिला. पैनगंगा ओलांडून आदिलाबादला गेलं की सांबार पुन्हा इडलीच्या ताटलीत जातो. कॅक्स्टनची अंडी लिहा, जरूर लिहा, पण त्याखाली ही जुडी ठेवा. तपासणाऱ्याला कळेल की हिने कॅक्स्टन पाठ केलेला नाही, तो तिला समजला आहे.

अर्थबदलाचंही तसंच. गाइडात 'डिअर' असतो: पूर्वी कुठलंही जनावर, आता फक्त हरीण. पोरं तो बापुडा डिअर पाठ करतात. इथून टिपेश्वरचं अभयारण्य हाकेच्या अंतरावर, आणि आपल्या भाषेत 'मृग' तंतोतंत त्याच वाटेने चालत आलाय. संस्कृतात मृग म्हणजे रानातलं कुठलंही जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र, म्हणून शिकार ती मृगया. पुढे शब्द आक्रसत आक्रसत हरणापाशी थांबला. दोन भाषा, हजारो मैलांचं अंतर, आणि दोघींनी तेच जनावर निवडलं! मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत झोप आली नव्हती. आणि 'ऑरेंज' तर आपल्या नारंगाचाच प्रवासी आहे. फारसी, अरबी, स्पॅनिश करत युरोपात गेला, वाटेत सुरुवातीचा 'न' गळाला, आणि नागपुरी संत्र्याच्या शेजारच्या पोरीला तो इंग्रजी शब्द म्हणून परत भेटला.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण वऱ्हाडी म्हणजे बिघडलेली मराठी, ती पेपरात कशाला? या माणसाला दोन उत्तरं आहेत. एक, जीन एचिसन यांनी १९९६ साली बीबीसीवरच्या व्याख्यानांत भाषा बिघडते म्हणणाऱ्यांच्या मनातल्या समजुती एकेक करून उलगडल्या: बोलणाऱ्यांचा आळस, ढासळणारा जुना वाडा, संसर्गाचा रोग. तिन्ही इंग्रजीबद्दल होत्या, तिन्ही आपल्याकडच्या ओसरीवर जशाच्या तशा ऐकू येतात. एचिसन यांचं हे जरूर लिहा. दुसरं उत्तर इथल्या मातीतलं आहे. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, लीळाचरित्र, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रचला तो अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. ज्या मुलखात मराठी गद्य रांगायला शिकलं त्या मुलखाच्या बोलीला बिघडलेली म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. यूपीएससीच्या मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात तर अहिराणी आणि डांगीच्या बरोबरीने वऱ्हाडी नावानिशी आहे. तिकडे चालते, मग आपल्या पेपरात का चालू नये?

आता ॲक्विझिशन. हा भाग पोरांना सगळ्यात कोरडा वाटतो, आणि घराघरात सगळ्यात ओला तोच आहे. बर्को यांनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला वग म्हटलं, आणि दोन असले तर काय म्हणशील असं विचारलं. कधी न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बहुतेक मुलं बरोबर करत होती. आपल्या घरच्या चार वर्षांच्या पोरीला विचारा: ही एक वुगी, आता या दोन? ती 'वुग्या' म्हणेल. तिला कुणी शिकवलं? तेच पोर 'मी पाणी भरलं', 'मी बोट धरलं' म्हणतं आणि त्याच दमात 'मी जेवण करलं' म्हणतं. 'करलं' त्याने कुठेच ऐकलेलं नाही. नियम त्याने स्वतः शोधला आणि जरा जास्तच लांब ताणला, इंग्रज पोर 'गोड' म्हणतं तसा, म्हणजे 'गो'ला 'एड' लावून. स्किनरचं १९५७चं पुस्तक म्हणतं की भाषा सवयीने घडते. चॉम्स्कींनी १९५९मध्ये त्यावर हल्ला चढवला. दोघांच्या मध्ये उभं राहून निकाल द्यायला एक 'करलं' पुरतं, आणि ते तुमच्या अंगणात खेळतंय.

पण माझा जीव अडकतो तो वेगळ्याच पोरात. केळापूर तालुक्यातल्या कुठल्याही कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, जा. तिथलं पोर आईशी कोलामीत बोलतं. कोलामी द्रविड कुळातली, मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. दुकानात त्याला वऱ्हाडी लागते. शाळेत पुस्तकातली मराठी समोर येते, आणि २०००पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीतच सुरू होते, म्हणजे त्याच वर्षी चौथी भाषा. एवढं ओझं सहा वर्षांच्या डोक्यावर. ते पोर गप्प बसतं, आणि गुरुजींच्या तोंडी येतं, 'भाषेत कच्चा'. कच्चा? जे पोर चार भाषांच्या मध्ये उभं राहून कोणती कुणाशी बोलायची हे ओळखतं, ते वर्गातलं सगळ्यात तयार पोर आहे. एमेनो यांनी १९५५ साली कोलामीवर सबंध पुस्तक लिहिलं. अमेरिकेतल्या विद्यापीठाने ते छापलं. आपल्या पेपरात मात्र द्वितीय भाषेच्या प्रश्नाला क्राशेन येतो, लेनेबर्ग येतो, आणि पोडावरचं पोर येत नाही. हे मला सहन होत नाही.

महाराष्ट्र जगाच्या पुस्तकांत आधीच आहे, पोरांना कुणी सांगितलेलं नाही एवढंच. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली लिहिलं. तिथे कानडी, मराठी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिल्या, आणि त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली की शब्दाला शब्द बदलून वाक्य एका भाषेतून दुसरीत नेता यावं. मराठी माणूस इंग्रजी कसं उच्चारतो यावर अशोक केळकरांनी १९५७ साली 'वर्ड' या नियतकालिकात लेख लिहिला. आपल्या तोंडी 'वेस्ट' म्हणजे बनियन की पश्चिम, हे संदर्भावरून ओळखावं लागतं, कारण इंग्रजीतल्या दोन आवाजांना आपल्याकडे एकच 'व' आहे. ब्रज कच्रू यांची १९८५ची तीन वर्तुळं लिहिताना मधल्या वर्तुळात नुसतं 'इंडिया' लिहून पुढे जाऊ नका. हा एक 'व' तिथे मांडा.

पेपर कसा लिहायचा, हे त्या विद्यार्थिनीने शेवटी विचारलंच. मी म्हटलं, बाई, आधी संकल्पना दोन ओळींत, स्वच्छ. मग लबॉव्ह किंवा बर्को, साल आणि आकड्यासकट, कारण त्यांनी पद्धत शिकवली आणि तो मान त्यांचा आहे. मग तुझं उदाहरण. आणि इथे घाई करायची नाही. कोण बोललं, कुणाशी, कुठे, दुसऱ्यांदा विचारल्यावर काय बदललं, हे सांगायचं. गावचं उदाहरण नुसतं चिकटवलं तर ते खरोखरच विषयांतर होतं. त्यातून संकल्पना कुठे खरी ठरते आणि कुठे कमी पडते, हे दाखवलंस तरच ते उत्तर. लबॉव्हच्या दुकानात सगळे एकच भाषा बोलत होते. आपल्या यार्डात तेलुगू ड्रायव्हर आहे, गोरमाटी बोलणारा हमाल आहे, गोंड कास्तकार आहे. त्यांच्या 'कुंटल'मागे वर्ग आहे की मातृभाषा? हा प्रश्न तीन तासांत सुटत नाही. विचारला तरी पुष्कळ.

चार दिवसांनी ती वही घेऊन घरी आली. बापाबरोबर कापसाच्या गाडीवर बसून यार्डात गेली होती. पानावर रेघा मारून रकाने केले होते: ग्रेडर, कास्तकार, हमाल, ट्रॅक्टरवाले. प्रत्येकात कुंटल आणि क्विंटल, आणि पुढे बारीक उभ्या काड्या. बाप मध्येच म्हणाला होता म्हणे, "हे कायले लिहून राहिली वं?"

शेवटचा रकाना 'मी' असा होता. त्यात क्विंटलखाली तीन काड्या होत्या आणि कुंटलखाली एक. ती एक काडी खोडून पुन्हा काढलेली होती.

"ही का खोडली होतीस?"

"बाबांना हाक मारून वजन सांगितलं तेव्हा तोंडातून निघून गेलं मॅडम. आधी लाज वाटली. मग म्हटलं, निघालं ते निघालं, लिहून टाकावं."