मोकळीक, तीन प्रतींत

अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीत संशोधकांना कामाचा 15 टक्के वेळ स्वतःच्या डोक्यातल्या उद्योगांना देता येतो. तिथल्या स्पेन्सर सिल्व्हर यांना 1968 मध्ये घट्ट डिंक हवा होता. हाती लागला तो धड न चिकटणारा. आपल्याकडे एव्हाना कारणे दाखवा नोटीस निघाली असती. तिथे मात्र हे गृहस्थ वर्षानुवर्षं सहकाऱ्यांना त्या डिंकाचं कौतुक सांगत फिरले, आणि कोणी त्यांना हाकललं नाही. पुढे त्या सहकाऱ्यांपैकीच आर्ट फ्राय यांच्या चर्चमधल्या गीतपुस्तकातून खुणेचे कागद सारखे गळून पडू लागले, तेव्हा त्यांना हा डिंक आठवला. 1980 मध्ये त्याच डिंकाचे चिकटकागद, म्हणजे पोस्ट-इट, अमेरिकाभर विकायला आले.

ही गोष्ट आपल्या साहेबांनी कुठल्याशा शिबिरात ऐकली. तेव्हापासून दर शुक्रवारी चार ते पाच सर्जनशीलता. हजेरी सक्तीची. कल्पना सुचण्यापूर्वी विभागप्रमुखांची मंजुरी, सुचल्यावर विहित नमुन्यात तीन प्रती. ‘मी नियंत्रण सोडतोय,’ असं साहेबांनी भर सभेत जाहीर केलं. ते कितपत सुटलं यावर देखरेखीसाठी समितीही नेमली. अध्यक्ष अर्थात तेच. दुसरं कोणी नेमायचं तर त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार?