कसं पाहिजे, सर?

शनिवार आला की देगलूरच्या गाड्या हैदराबादकडं तोंड करतात. आपली राजधानी मुंबई, हे आम्ही शाळेत पाठ केलेलं आहे, परीक्षेला यायचं. पण मुंबई पडली सहाशे किलोमीटरच्या पलीकडं, आणि हैदराबाद दोनशेच्या आत-बाहेर. मदनूर, पिटलम, संगारेड्डी, 161 नंबरचा महामार्ग, चहाला एकदा थांबलं की आलंच. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाची प्रजा होतो, तेव्हा आमचे आजे कोर्टकज्जे घेऊन तिकडंच जायचे. नातवंडं स्टेक खायला जातात. मराठवाड्याचा विकास झाला नाही असं कोण म्हणतं?

तर आमचाही जथा गेला. आमचे दाजी, ताई, मावशी आणि मोबाइलवर बघून ‘स्टेकचा एक्स्पिरियन्स घ्यायचाच’ म्हणत हे सगळं घडवणारा भाचा. हायटेक सिटीकडचं हॉटेल, आत इतका अंधार की लोडशेडिंगची आठवण येऊन मावशी गहिवरल्या. मोबाइलची बॅटरी लावून मेनू वाचला. चिकन स्टेक, फिश स्टेक, पनीर स्टेक आणि फुलकोबीचासुद्धा स्टेक! फुलकोबीचा जाड काप किती रुपयांना विकता येतो हे आमच्या शेतकऱ्यांनी एकदा बघून यावं, म्हणजे बाजार समितीतली पट्टी हातात पडल्यावर नुसतं आभाळाकडं बघत बसावं लागणार नाही.

एका ओळीत ‘टेंडरलॉईन’ होतं. दाजींनी विचारलं, “हे कशाचं?” वेटर म्हणाला, “सर, टेंडरलॉईन का.” तिसऱ्यांदा विचारलं तरी जनावर काही बाहेर पडेना. आमच्या राज्यात मार्च 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळूही कायद्याच्या आसऱ्याला गेले, उरली म्हैस. पण महागड्या मेनूवर म्हशीचं नाव कोण छापणार? दूध देताना तिचं नाव चालतं. दाजींनी निमूट मटणाचा स्टेक सांगितला.

आणि मग वेटरनं तो प्रश्न विचारला. “कैसा पसंद करेंगे, सर? रेअर, मीडियम या वेल डन?”

टेबलावर शांतता पसरली. दाजी साठीचे आहेत. या माणसाला आजवर कोणीही, कधीही, ‘तुम्हाला कसं पाहिजे’ असं विचारलेलं नाही. दाजी जन्मायच्या आधी, 1956 च्या नोव्हेंबरात, हैदराबाद राज्य कापून तीन ताटांत वाढलं. तेलुगू आंध्रला, कानडी म्हैसूरला, आम्ही मुंबईला. तेव्हा त्यांच्या वडिलांना कोणी विचारलं नव्हतं. नळाला पाणी रोज पाहिजे का आठवड्यानं, हे कोणी विचारत नाही. पीकविमा कसा आवडेल, अर्धा कच्चा का पूर्ण करपलेला? कोणी विचारत नाही. 2018 मध्ये आमच्याच भागातल्या धर्माबाद तालुक्यातल्या गावांनी न विचारताच सांगून टाकलं की आम्हाला तेलंगणात घाला, तिथल्या योजना बऱ्या आहेत. ती ऑर्डर अजून कुठल्याच किचनपर्यंत गेलेली नाही.

“काय म्हनूलालाय त्यो?” दाजींनी हळूच विचारलं. भाच्यानं समजावलं : रेअर म्हणजे आत साधारण 50 अंश, लालभडक, मीडियम 60 च्या आसपास, वेल डन म्हणजे 70 च्या वर. दाजींनी हिशेब केला. मे महिन्यात देगलूरच्या पत्र्यावर दुपारी बारा ते तीन ठेवलं तर गॅस न जाळता रेअर होतंय की! मग म्हणाले, “वेल डन सांग. आन् वरून दोन शिट्ट्या जास्तीच्या.” वेटरनं ते टॅबवर टाइप केलं म्हणे. शिट्ट्यांचं बटण त्यात असावं; शहर प्रगत आहे.

स्टेक आला. सोबत तीन शेंगा, एक गाजर आणि उकडलेल्या बटाट्याचा लगदा. भाकरी नाही, रस्सा नाही, येसर तर लांबच. ताईंनी सुरी बाजूला ठेवून सरळ हातानं खायला सुरुवात केली आणि त्या टेबलावर पोटभर जेवलेली ती एकमेव व्यक्ती ठरली.

गंमत म्हणजे याच शहरात ‘पत्थर का गोश्त’ मिळतं. मटणाचे पातळ काप, कच्च्या पपईनं मऊ केलेले, तापलेल्या ग्रॅनाइटच्या शिळेवर भाजायचे. सहावे निजाम शिकारीला गेले, सळया बरोबर नव्हत्या, म्हणून खानसाम्यानं दगड तापवला, असं सांगतात. खरं-खोटं दगडाला माहीत. पण तिथं कोणी अंश विचारत नाही, म्हणून भाच्याच्या मते ते ‘एक्स्पिरियन्स’मध्ये बसत नाही.

बिल आलं. पाच टक्के जीएसटी समजू शकतो. खाली सर्व्हिस चार्ज होता. तो द्यायचा की नाही हे गिऱ्हाईकाच्या मर्जीवर आहे, दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये तसा निकालही दिला. म्हणजे इथं ‘कसं पाहिजे, सर?’ असं विचारायला खरी जागा होती. नेमका तेवढाच प्रश्न वेटर विसरला. भाचा म्हणाला, जाऊ द्या मामा, लोक बघूलालेत.

शेवटी त्यांनी अभिप्रायाचा कागद दिला. ‘आपल्या सूचना आमच्यासाठी मोलाच्या आहेत.’ दाजींनी चष्मा लावला, भाच्याकडून पेन घेतलं आणि पंधरा मिनिटं खाली मान घालून लिहीत बसले. चव, स्वच्छता, सेवा, सगळ्याला पाचपैकी पाच. आणि खालच्या मोकळ्या जागेत, सुवाच्य अक्षरात : नांदेड-देगलूर-बिदर रेल्वेमार्गाचं काम तातडीनं सुरू करावं, देगलूरला सगळ्या गाड्यांना थांबा द्यावा.

सोमवारी दाजींच्या मोबाइलवर हॉटेलचा मेसेज आला. सूचना मिळाली, संबंधित विभागाकडं पाठवली आहे. दाजी तो मेसेज आता गावभर दाखवूलालेत. एवढ्या वर्षांत पोच मिळालेलं हे त्यांचं पहिलंच निवेदन.